तोंड झाकून विचारा

भिवंडीत कुणाला सांगितलं की मी संस्थेचं काम करते, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘काय वाटताय?’ वह्या, ब्लँकेटं, केळी, काहीतरी वाटायलाच पाहिजे, नाहीतर ती कसली संस्था. माझ्या तर डोक्यात तिडीक जाते. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला, तो काय निवृत्त झाल्यावर केळी वाटताना फोटो काढून घ्यायला? आमची संस्था म्हणजे निजामपुऱ्यात पिठाच्या गिरणीवरची एक खोली. तिथून आजाऱ्याला वॉकर आणि चाकाची खुर्ची वापरायला मिळते, बरं वाटलं की परत आणून द्यायची. संध्याकाळी त्याच खोलीत दहावीच्या मुली अभ्यासाला बसतात, कारण त्यांच्या घरात पाय पसरायला जागा नसते. पडघ्याला आमच्या ओळखीची मंडळी आहेत, हायवेवर अपघात झाला की जखमीला उचलून दवाखान्यात नेतात. आणखी एक गट बेवारस मयतांचं शेवटचं सगळं करतो, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे. यातलं कुणीच काही वाटत नाही, म्हणून यांचे फोटो कुठे लागत नाहीत. मला मात्र या सगळ्यांचा फार अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

कान तपासायची कल्पना माझी. कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटीत माणसं बहिरी होतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण तपासतं कोण? कल्याणची कानाची एक डॉक्टर महिन्यातून एक शुक्रवार यायला तयार झाली. शुक्रवार अशासाठी की त्या दिवशी लूम बंद असतात, एरवी आमच्या गल्लीत बारीक आवाज ऐकायला बसवणं म्हणजे चेष्टाच. तिचं मशीन एका दिवसात थोड्याच लोकांना पुरायचं. म्हणून मी पद्धत ठरवली. आम्ही बायकांनी घरोघर जायचं, समोर बसून चार साधे प्रश्न विचारायचे, ज्याला ऐकू येत नाही त्याला डॉक्टरकडे पाठवायचं आणि बाकीच्यांना ‘ऐकू येते’ असा कागद द्यायचा. कागदावर सही माझी.

दोन महिन्यांत जवळजवळ सगळे पास. पंचवीस-तीस वर्षं लूम चालवलेली माणसं पटापट उत्तरं देत होती. डॉक्टर हसून म्हणाली, तुमच्याकडे माझं काही काम दिसत नाही, मी मशीन दुसऱ्या गावाला नेते. वर मी फुशारकी मारली की आमच्या लोकांचं हाडच काटक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त ते कळायला मला अजून आठ दिवस लागायचे होते.

पास झालेल्यांत दुसरीतली एक मुलगी होती. तिची आई आमच्याच गल्लीत कांड्या भरते, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळून देते. बाप वळ गावच्या गोदामात टेम्पोवर. आईनेच तिला माझ्याकडे आणलं होतं, कारण शाळेतल्या बाई म्हणत होत्या की पोरगी मठ्ठ आहे, वर्गात तिचा उपयोग नाही, घरी बसवा, कांडी भरायला तरी शिकेल. लहानपणी तिचा कान वाहायचा, तेव्हा कानाचंच काही असेल अशी आईला शंका. मी पोरीला समोर बसवलं. शाळा कुठली, काल काय जेवलीस, भाऊ किती? तिने टकाटक सांगितलं, जरा बोबडं बोलली एवढंच. मी कागद लिहून दिला आणि वर आईला सुनावलं की कानाला काही झालेलं नाही, मोबाइल काढून घे हातातला.

आठ दिवसांनी ती आई परत आली, पोरीला घेऊन. भांडायला आली असती तर मी पुरून उरले असते. ती खालच्या आवाजात बोलली.

“सिस्टर, तुमचा कागद शाळेत दावला. बाई म्हनल्या, ऐकू येतंय म्हंजे ढोंग करते. आता सोमवारपासून आनू नका म्हनल्या. मी जल्मभर कांड्याच भरल्या. हिनं न्हाय भरायच्या.”

तिने पोरीची श्रुतलेखनाची वही माझ्यापुढे ठेवली. पानभर लाल रेघा. बाईंनी ‘बाबा’ सांगितलं होतं, पोरीने लिहिलं होतं ‘मामा’. ‘पाणी’चं ‘माणी’, ‘पाय’चं ‘माय’, ‘बस’चं ‘मस’. खाली शेरा, ‘अजिबात लक्ष नाही.’ मलाही आधी रागच आला. बापाला मामा करणारी पोरगी ढोंगी नाही तर काय? मग पोरीला तिच्या चुका दाखवायच्या म्हणून मी ते शब्द एकेक करून स्वतःशी म्हणून पाहिले. बाबा. मामा. पाणी. माणी. दोन्ही वेळा ओठ तसेच मिटत होते.

माझा बाप लूमवर होता. त्याचा डबा घेऊन मी कारखान्याच्या दारात उभी राहिले की तो चार लूमच्या पलीकडून नुसते ओठ हलवून विचारायचा, आज काय दिलंय आईने, आणि मी तशीच ओठांनी सांगायची, सुकट. त्या आवाजात ओरडून काय उपयोग? कारखान्यात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलतात, आणि ती सवय घरी येते, पोरांना लागते. हे सगळं गाव डोळ्यांनी ऐकतं. आणि मी शहाणी, त्या गावाची, लूमवाल्याची लेक, समोर बसून, तोंड दाखवून, त्यांचे कान तपासत होते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मी पदर तोंडावर घेतला आणि मोठ्याने विचारलं, तुझे बाबा काय काम करतात? पोरगी माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी परत विचारलं. ती उठली, पुढे आली, दोन बोटांत माझा पदर धरून खाली ओढला आणि म्हणाली, “आता बोला.”

मला रडू आलं, आणि नर्सला रडू आलेलं पेशंटने बघायचं नसतं म्हणून मी पाण्याचा ग्लास शोधत आत गेले.

डॉक्टरला त्याच दिवशी फोन केला, मशीन हलवू नका म्हटलं. पुढच्या शुक्रवारी आम्ही बायका पहिल्यापासून सुरू झालो. तीच घरं, तेच प्रश्न, फक्त तोंडावर वही धरून. जे पटापट बोलले होते ते गप्प बसले. एक चाचा तर वही बाजूला सारायला लागले, म्हणाले, सिस्टर, परदा क्यों कर रही हो, ठीक से पूछो ना. सगळे हसले, तेही हसले, आणि त्यांचं नाव डॉक्टरच्या यादीत गेलं. संध्याकाळपर्यंत यादी एवढी झाली की डॉक्टरने दर शुक्रवारी यायचं कबूल केलं.

पोरीच्या एका कानाचा पडदा फाटलेला निघाला, दुसराही कमजोर. कल्याणला एक संस्था आहे, ती लहान मुलांच्या कानाप्रमाणे यंत्र बसवून देते आणि ते वापरायलाही शिकवते. तिथे आम्ही तिला घेऊन गेलो.

शाळेत मी एकटी गेले. बाईंची चांगली खरडपट्टी काढायची असं रस्ताभर ठरवत गेले होते. त्यांनी शांतपणे माझाच कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कागद चुकीचा आहे, चूक माझी आहे, असं सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं. जन्मात एवढी खाली मान कधी घातली नव्हती. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, सहामाहीपर्यंत पुढच्या बाकावर बसवते, मग बघू. पण तेव्हाही असंच राहिलं तर माझ्याकडे परत येऊ नका.

ते तीन महिने तिच्या आईने कसे काढले तिलाच ठाऊक. यंत्र लावलं की पोरगी आधी रडायची, लूमचा आवाज सहन व्हायचा नाही. आई तिला रोज आमच्या खोलीवर आणून बसवायची, आणि दहावीच्या मुली अभ्यास सोडून, तोंडावर पुस्तक धरून तिला शब्द सांगायच्या. मी त्यांना ओरडायचे, परीक्षा तुमची आहे. त्या ऐकायच्या नाहीत. आता लूम चालतात अशा दुसऱ्या गावांतल्या संस्था आम्हाला फोन करून विचारतात की तुमची पद्धत काय, आणि मी मान ताठ करून सांगते, तोंड झाकून विचारा. पण पोरगी ऐकायला शिकली त्याचं खरं श्रेय त्या मुलींचं आहे.

सहामाहीनंतर बाईंनी आईला बोलावलं. आईने मला बरोबर नेलं, वाचायला. बाईंनी मुद्दाम वर्गाकडे पाठ करून श्रुतलेखन घेतलं होतं. ‘बाबा’ला ‘बाबा’, ‘पाय’ला ‘पाय’, ‘बस’ला ‘बस’. एकाच शब्दावर लाल गोल होता. ‘पाणी’चं पोरीने ‘पानी’ लिहिलं होतं. आईचं बोट नेमकं त्या लाल गोलावर जाऊन थांबलं, चेहरा उतरला.

“चुकली का?” तिने विचारलं.

“चुकली,” बाई म्हणाल्या. “आपल्या गल्लीत सगळे पानीच म्हणतात ना. अर्ध्या वर्गाने हेच लिहिलंय.”

आईने माझ्याकडे बघितलं. “म्हंजे बाकीच्या पोरांसारकीच चुकली?”

“हो,” मी म्हटलं, “बाकीच्या पोरांसारखीच.”