विवाहापूर्वीचे नाव

शाळेच्या मंदूबने माझी फाइल परत टेबलावर ठेवली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, ये सर्टिफिकेट किसी दूसरी लेडी का है."

मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत आपले कागद घेऊन फिरणारा माणूस. दोह्यात प्रत्येक कंपनीत, शाळेत एक असतोच. आमचा केरळचा. पदवीवरचं आडनाव आणि मधलं नाव पासपोर्टवर वेगळं आहे, ते त्याला समजत होतं. पण पहिलं नाव? "पहला नाम कैसे चेंज हो गया?" त्याला खरंच कळत नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, त्यात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, असं मी हिंदीत सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले. माझं मलाच ते वेडगळ वाटलं.

अल थुमामातल्या या शाळेत मी चौदा वर्षांपूर्वी लागले ती लायब्ररीत मदतनीस म्हणून. त्या जागेला पदवी कुणी विचारली नाही, मीही दाखवली नाही. मग कुणी बाई बाळंतपणाला गेली की तिचे तास मी घ्यायचे. पुढे वेळापत्रक माझ्याकडे आलं, परीक्षा आल्या, पालकांची भांडणं आली. मुलींच्या विभागाच्या हेडमिस्ट्रेस तर उघडच म्हणायच्या, "विभाग ही चालवते, मी फक्त सही करते." कागदावर मी क्लार्क. त्या निवृत्त होऊन निघाल्या तेव्हा त्यांनी माझं नाव सुचवलं आणि व्यवस्थापनाने चक्क होकार दिला. अट एकच: नवं सत्र सुरू व्हायच्या आत एम.ए. आणि बी.एड.चे कागद साक्षांकित होऊन यायला हवेत. हातात पाच आठवडे होते.

मला ती खुर्ची हवी होती. साळसूदपणे "काम महत्त्वाचं, पद नाही" असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. सोलापूरकडच्या एका महिला महाविद्यालयात मी विद्यार्थिनी संसदेची सचिव होते. वसतिगृहाला आठवडाभर पाणी आलं नाही तेव्हा दीडशे मुली घेऊन मी नगरपालिकेच्या दारात बसले होते, आणि संध्याकाळी टँकर आल्यावर, त्यांच्या आश्वासनाच्या पत्रातला एक शब्द बदलून घेऊनच उठले होते. त्या दीडशेतली एक आज नगराध्यक्ष आहे. एक उपजिल्हाधिकारी झाली. एक त्याच महाविद्यालयाची प्राचार्य. ग्रुपवर त्यांचे शाल-श्रीफळाचे फोटो येतात, मी अंगठा टाकून मोकळी होते आणि दिवसभर घरात आदळआपट करते. त्यांचा अभिमान वाटतो हे खरं. पोटात दुखतं हेही खरं.

शुक्रवारी मला सुट्टी आणि तिकडे कॉलेज चालू, म्हणून शुक्रवारी सकाळी प्राचार्यबाईंना फोन लावला. ही बाई फर्स्ट इयरला स्टेजवर गेली की थरथर कापायची. तिची पहिली तीन भाषणं मी लिहून दिली होती. "अगं, कसली विनंती करतेस, हुकूम कर," ती म्हणाली. "रजिस्टरमधली मुलगी आणि तू एकच, असं पत्र आजच्या आज देते. फक्त मला कशाचा तरी कागदोपत्री पुरावा पाहिजे बघ. मॅरेज सर्टिफिकेट पाठव. त्यात आधीचं नाव असतंय की."

मी पाठवलं. पंधरा मिनिटांत तिचा फोन आला.

"अगं, विवाहापूर्वीचे नाव म्हणून हे कुणाचं नाव लिहिलंय?"

मी कपाटातून मूळ कागद काढला. इतक्या वर्षांत तो किती कचेऱ्यांत दिला असेल, पण त्या रकान्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे माझ्या वडिलांचं नाव होतं, माहेरचं आडनाव होतं, आणि त्यांच्या पुढे नवऱ्याने ठेवलेलं पहिलं नाव. अशी मुलगी कधी जन्मलीच नव्हती. तिने शाळा पाहिली नाही, कॉलेज पाहिलं नाही, पाण्यासाठी ती कुठे बसली नाही. आणि मी जी होते तिचं लग्न झाल्याची जगात कुठेही नोंद नव्हती.

आमचं लग्न नोंदवलं ते नवऱ्याला इथली नोकरी लागल्यावर, पासपोर्टच्या घाईत. फॉर्म त्यांनी भरला होता. शुक्रवार असूनही ते साइटवर होते. संध्याकाळी आले, चहाही होऊ न देता मी कागद पुढे धरला.

"हे तुम्ही असं का लिहिलंत?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "दोन वेगवेगळी नावं बघून तो क्लार्क फाटे फोडत बसला असता. म्हटलं, एकच ठेवू. काम झालं ना पटकन?"

"मला विचारायचं तरी."

"तू शेजारीच बसली होतीस की. खाली सही कुणाची आहे?"

सही माझीच होती. नव्या नावाची, झोकदार. ती सही मी वहीच्या मागच्या पानांवर गिरवून गिरवून बसवली होती, कारण मला ते नाव आवडलं होतं. कुणी लादलं म्हणून आज रडता येत नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. नगरपालिकेच्या पत्रातला एक शब्द बदलून घेतल्याशिवाय न उठणारी मुलगी, आणि स्वतःच्या लग्नाचा फॉर्म न वाचता सही केली. शेजारी नवरा होता ना, मग वाचायचं कशाला?

गावाकडच्या वकिलाने क्रम सांगितला. आधी विवाहाचा दाखला दुरुस्त करा, मग राजपत्रात नाव छापून आणा, मग पदवी. दाखल्यासाठी नवरा-बायको दोघांनी समक्ष हजर राहायचं. धावपळ केली तर जमेल कदाचित, म्हणाला. मी नवऱ्याकडे आठ दिवस मागितले.

"बिल्डिंगचं हँडओव्हर चालू आहे. आत्ता रजेचं तोंडही काढता येणार नाही."

"विचारून तर बघा."

"अगं, काम तर तेच करतेस ना? पाटीवर काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो?"

त्यांनी विचारलं नाही. ते वाईट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनी महिनाभर स्वयंपाक केला आहे. पण त्या पाच आठवड्यांत त्यांनी साहेबाला एकदाही विचारलं नाही, आणि ते मी त्यांना माफ केलेलं नाही. मंदूब रोज "इन्शाल्ला, मॅडम" म्हणायचा. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "खलास."

व्यवस्थापनाने लखनौची एक बाई निवडली. पस्तिशीची, हुशार, नवरा इथेच मुशैरिबमध्ये बँकेत. तीही मुलींच्याच कॉलेजातली, सुवर्णपदकवाली. तिची फाइल तयार करून मंदूबकडे द्यायची, हे काम अर्थातच क्लार्कचं. मी एकेक कागद लावला. पदवीवर आडनावाच्या शेवटी एक अक्षर जास्त होतं, पासपोर्टवर ते नव्हतं. फाइल तशीच पुढे सरकवली असती तर मंदूबने माझ्यासारखीच तिचीही परत आणून टेबलावर ठेवली असती, आणि मला कुणी बोललं नसतं. मी ती दुपारपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवली. का ठेवली ते मला नीट माहीत आहे, लिहायला लाज वाटते.

दुपारी तिला फोन केला. अक्षराचं सांगितलं, प्रतिज्ञापत्र लागेल म्हटलं.

"ओह, वो सब मेरे हज़बंड देखते हैं," ती हसत म्हणाली. "उन्हें भेज दूँगी, साइन भी वो करवा लेंगे मुझसे."

"नहीं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की स्टाफरूममधल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. "किसी को नहीं भेजना है. आप ख़ुद आइए. हर काग़ज़ ख़ुद पढ़िए, फिर साइन कीजिए."

ती दुसऱ्या दिवशी आली. जरा फणकाऱ्यातच. मी तिला खुर्ची दिली आणि समोर उभं राहून तिच्याकडून अक्षरन् अक्षर वाचून घेतलं. एका ठिकाणी ती पान न वाचता उलटायला लागली, तर मी तिचा हात धरला. सगळं संपल्यावर तिने पेनाला टोपण लावलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग गेला होता, जरा कौतुकच होतं.

"आप तो बड़ी स्ट्रिक्ट हैं," ती म्हणाली. "आप टीचर क्यों नहीं बनीं?"

मी फाइलची दोरी बांधली.

"शौक़ नहीं था," मी म्हटलं.