पाणी मारलं तरी न तडकणारा दिवा

बाळंतपणाला धुळ्याला गेलेली बायको, पोर खुदकन हसायला लागलं तरी माहेरीच होती. सासरे पाठवायलाच तयार नव्हते. “आधी नोकरी धरा पाहुणे, मग न्या,” एवढंच पालुपद. वायरमनची नोकरी सोडून मी जळगावात, पिंप्राळ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बागेचे दिवे बनवायला लागलो होतो, याचा त्यांना असा राग होता की बोलायची सोय नाही. शेवटी बायकोनंच शक्कल काढली. वडील ज्या बुद्धविहाराची बाग सांभाळायचे, तिथं माझे दिवे लावायची तिनं त्यांना गळ घातली. दिवे टिकले की आपण सुटलो, असं तिचं म्हणणं.

दिवे कसले टिकतात! आठवड्याभरात काचा तडकल्याचा निरोप. मी मिळेल ती एसटी धरली आणि पारोळा येईपर्यंत गलोलवाल्या पोरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पोरं बिचारी यात कुठंच नव्हती.

वैशाखातली संध्याकाळ. वंदनेला माणसं यायची म्हणून सासरे नळी घेऊन फरशी, झाडं, बाकं, सगळ्यांवर पाणी मारत निघाले होते. रोजचा नेमच तो. उरलेले दिवे आधीच लागलेले, काच तापलेली, आणि फवारा सरळ तिच्यावर. तड्!

“अहो आबा, दिव्यावर पाणी कोण मारतं?” मी ओरडलोच.

“मंग दिवा बाहेर कसाले? पानी काय इचारीसन येस का?”

असा संताप आला म्हणून सांगू! पावसाला कोण विचारणार? माणूस बरोबर बोलत होता, म्हणून तर जास्त आला.

परतल्यावर शेडमध्ये बसवेना की उठवेना. पोराला दात येतील आणि मी इथं पत्रे कापत बसेन, हाच घोर. काच आत घेतली, भोवती खिडकीच्या झडपांसारख्या तिरक्या पट्ट्या ठोकल्या. गरम हवा जायला वर जागा ठेवली, तिच्यावर रुंद टोपी. बोअरच्या खारट पाण्यात लोखंड गंजून घट्ट बसतं म्हणून टोपी आवळायचा नट पितळी घेतला. तो हातानं फिरणारा, साखळीला बांधलेला, म्हणजे गवतात हरवायला नको.

नवे दिवे लावले त्या संध्याकाळी बायको पोराला घेऊन बाकावर बसली होती. दिवे चांगले तापू देऊन सासऱ्यांनी नळी उचलली. वरून मारलं, बाजूनं मारलं, वाकून खालूनही मारलं. काच शाबूत! मग त्यांनी बटण बंद केलं, हात धोतराला पुसले, नट स्वतः फिरवला, तापलेला बल्ब धोतराच्या सोग्यात धरून काढला, परत बसवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“ऊठ वं माय,” ते लेकीला म्हणाले, “पिशवी भर.”

बायकोनं पोर माझ्याकडे दिलं आणि बाकाखालून पिशवी ओढली. भरलेलीच होती.