अनवरीची दोरी

इसूफच्या मागावर एक लाल चिंधी लोंबत असे. नेमकी त्याच्या नजरेसमोर, कपाळापासून हातभर पुढं. चिंधीला दोरी बांधलेली, दोरी आढ्याच्या कडीतून ओवलेली, तिथून भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत गेलेली, आणि तिचं दुसरं टोक अनवरीच्या उजव्या मुठीत. अनवरी ही त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली. तेव्हापासून ती त्या खोलीत खाटेवर पडून होती. पण पडून होती म्हणजे रिकामी होती, असं कुणी समजू नये. इसूफच्या चादरीत खोट सापडत नाही, असं शुक्रवार पेठेतले व्यापारी म्हणत, त्यातलं निम्मं श्रेय त्या मुठीचं होतं.

कारण इसूफला ऐकू येत नव्हतं. सोळाव्या वर्षी तो मागावर उभा राहिला आणि आता साठीला टेकला होता. इतकी वर्षं धोटा त्याच्या कानाशी खटाक-खट करत राहिला, आणि एकेक आवाज उचलून नेत राहिला. आधी चिमण्या गेल्या, मग अजान, मग दारावरची थाप. शेवटी मागानं स्वतःचाही आवाज नेला. माणूस काय बोलतो ते तो ओठांवरून ओळखी. मागवाल्यांना ती विद्या येतेच. पण मागाला ओठ कुठले? ताण्यातला एखादा उभा धागा तुटला, की मागाचा सूर जरासा बदलतो. त्याच वेळी माग थांबला नाही, तर चादरीत रेघ पडते ती पडतेच. तो सूर अनवरीला कळे, ती हिंडती-फिरती होती तेव्हापासून. ती दोरी ओढी, इकडं चिंधी उडे, इसूफ माग थांबवी, धागा शोधून गाठ मारी आणि भोकाकडं बघून हात वर करी. दोघांचा मिळून एक विणकर झाला होता.

रात्री दहा ते सकाळी सहा माग बंद, हा नियम इसूफनं कधी मोडला नव्हता. दहाला पाच कमी असतानाच तो खटका खाली ओढी. बोळात एके काळी अकरा माग होते. ते एकेक करत एमआयडीसीत गेले, हा एक राहिला. आणि मागं जिथं जुनी वखार होती, तिथं पाच मजल्यांची इमारत आली. तिच्या पहिल्या मजल्याची एक खिडकी बरोबर मागाच्या पत्र्यावर उघडत होती. त्या घरात संस्कृती राहायला आली.

संस्कृती नातेपुत्याची. दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळीला. शहर झोपायचं तेव्हा ती जागी असायची, आणि ती झोपायला यायची तेव्हा इसूफचा माग जागा व्हायचा. एके दिवशी सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल, वेणी सुटलेली.

"काका, रात्रभर वॉर्डात उभी असते मी. घरी येऊन अंग टाकलं, की तुमचं चालू. परवा एका पेशंटला भलतंच इंजेक्शन देत होते, थोडक्यात वाचले."

इसूफनं तिचे ओठ नीट वाचले आणि म्हणाला, "पोरी, तुला झोप न्हाय, मला कान न्हाईत. अदलाबदल करू या का?"

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. आतून अनवरीचा आवाज आला, "कोन हाय ती? उंबऱ्यावरनंच काय बोलती? आत ये की."

त्या दिवसापासून ती येत राहिली. अनवरीचा डावा हात मांडीवर घेऊन बोटं चोळून द्यायची. अनवरी तिला म्हणायची, "लगीन कर आता. नवरा घोरणारा बघ, मागाची सवय व्हईल." दोघींचं असं जमलं होतं. पण माया झाली म्हणून झोप थोडीच येते? तीन महिन्यांनी संस्कृतीनं प्रदूषण मंडळाकडं आवाजाबद्दल अर्ज केला. करण्याआधी तिनं येऊन सांगितलंही. इसूफ म्हणाला, "कर. तुझं चूक न्हाय."

मंडळाचे साहेब आवाज मोजायचं मीटर घेऊन आले. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबलच्या वर आवाज चालत नाही, आणि संस्कृतीच्या खिडकीत आकडा भरला एक्याऐंशी. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. आवाज खाली आणायचा, नाही तर माग उचलायचा.

इसूफचा जुना सोबती गुरप्पा भेटायला आला. एमआयडीसीत त्याची बारा मागांची शेड होती. त्यानं खोली फिरून बघितली आणि म्हणाला, "इसूफभाई, पत्रा काढ, स्लॅब टाक. आतनं दुसरी भिंत चढव, हे भोक-बिक सगळं बुजवून टाक. मग बाहेर काय कळत न्हाय. गवंडी मी धाडतो."

"भोक बुजवलं तर हिला कसं ऐकू यावं?"

"मग माग माझ्या शेडात आण. जागा हाय. पण दोन्हीतलं एक कर, लवकर कर."

इसूफनं तिसरंच केलं. जुन्या टायरचे तुकडे कापून मागाच्या पायांखाली घातले. जिथं लाकडावर लाकूड आपटतं, तिथं चामडं बसवलं. पत्र्याला आतून जुन्या चादरी शिवल्या. रोज तो भिंतीला तळवा लावून बघी. आधी भिंत थरथरायची; आता थरथर कमी होत होती. पण तळव्यावर त्याचा पुरता भरवसा नव्हता. भरवसा होता तो अनवरीच्या कानांवर.

घरात ती दोघं दखनी उर्दूत बोलत. पण अनवरी वळसंगची; आतलं बोलायचं झालं, की तिच्या तोंडी तिकडची मराठी येई. संध्याकाळी इसूफ तिच्यासमोर बसला.

"खरं सांग. कमी न्हाय झाला, तर गवंड्याला बोलवतो. भिंत घालू. माग तरी घरात राहील."

अनवरीनं थोडा वेळ भोकाकडं बघितलं. मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट वीतभर ताणून दाखवलं, की एवढा होता. आणि बोटं जवळ आणली, की आता एवढा हाय. दुसऱ्या दिवशी अजून जवळ. आठव्या दिवशी तर चिमूटच राहिली. इसूफचा चेहरा उजळला. त्यानं गुरप्पाला निरोप धाडला, की गवंडी नको.

बोळातल्या कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता, त्यांचे कान मागाशेजारीच वाढलेले. आणि संस्कृती नेमकी त्या पंधरवड्यात भावाच्या लग्नाला गावी गेली होती.

सोळाव्या दिवशी दुपारी साहेब पुन्हा आले. संस्कृती त्याच सकाळी गावाहून परतली होती. इसूफनं नवा सदरा घातला होता. माग सुरू करून तो वर संस्कृतीच्या खिडकीपाशी गेला. साहेबांनी मीटर धरलं. आकडा आला एकोणऐंशी.

"मीटर बिघडलंय साहेब," इसूफ म्हणाला.

"मीटर ठीक आहे. भिंतीची थरथर तुम्ही थांबवलीत, पण आवाज पत्र्यावरून येतोय."

"माझ्या घरात या. माझ्या बायकोला विचारा. तीस वर्षं झाली, तिचा कान एकदा चुकला न्हाय."

साहेब बरे होते. आले. संस्कृतीही मागोमाग आली. इसूफ खाटेपाशी उभा राहिला, अभिमानानं. "अनवरी, सांग साहेबास्नी. किती कमी झाला?"

अनवरीनं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग मान फिरवून तोंड भिंतीकडं केलं, आणि भिंतीशीच काहीतरी बोलली. साहेबांनी ऐकलं, संस्कृतीनं ऐकलं. त्या खोलीत ऐकलं नाही ते फक्त इसूफनं.

"काय म्हणाली?" त्यानं संस्कृतीला विचारलं.

संस्कृतीचे ओठ हलेनात. मग हलले. "म्हणाल्या, आवाज होता तेवढाच हाय. म्हणाल्या, भोक बुजवलं असतं, मग मी कशाला उरले असते?"

इसूफ खाटेच्या कडेवर बसला. पलीकडं माग चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"साहेब, अजून पंधरा दिवस द्या की," संस्कृती म्हणाली. "भिंत घालतील ते."

"मॅडम, अर्ज तुमचाच आहे ना?" साहेब कागद पुढं करत म्हणाले. "मुदत एकदाच देता येते. आठवड्यात माग हलवा, नाहीतर सील लागेल."

माग टेम्पोत सुटा सुटा गेला. लाकूड, लोखंड, साखळ्या. इसूफ बायकोला एका शब्दानं बोलला नाही. भिंत घातली असती तर माग घरात राहिला असता, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. बोलून काय मिळणार होतं? दोरी मात्र त्यानं सोडली नाही. रिकाम्या खोलीत ती चिंधी तशीच लोंबत राहिली.

गुरप्पाच्या शेडात तेरावा माग इसूफचा. तिथं तेरा माग एकदम ओरडत. एकाचा सूर निराळा काढायला अनवरीसुद्धा कमी पडली असती. इसूफ कामात असताना अधूनमधून मान वर करी. कपाळापुढं हातभर अंतरावर काहीच नसे. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या चादरीत रेघ पडली. चाळीस वर्षांत पहिली. गुरप्पानं ती बघितली, घडी घालून त्याच्याच हातात दिली आणि म्हणाला, "घरी ने. वहिनीला पांघराया."

इसूफनं ती नेली. दुपारची वेळ होती, बोळ निवांत होता. वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला. संस्कृती झोपली होती. तिला आता झोप लागत होती, आणि तिला लागावी असंच इसूफला वाटे. त्यानं चादर अनवरीच्या अंगावर घातली. ती उजवा हात फिरवत राहिली, गुलाबाच्या नक्षीवरून, काठावरून. मग बोट एका जागी अडलं.

तिनं तोंड त्याच्याकडं केलं, त्याला ओठ दिसतील असं.

"हितं," ती म्हणाली. "हितं मी वढली असती."

त्यानं मान हलवली. "केवढी हाय?"

अनवरीनं रेघेच्या एका टोकाला अंगठा टेकवला, दुसऱ्या टोकाकडं बोट ताणलं. पुरेना, तसा हात सरकवून पुन्हा टेकवला, पुन्हा ताणलं. मग दोन बोटं वर करून दाखवली. दोन विती. या खेपेला तिनं काही कमी करून सांगितलं नाही.