जर्मन रणगाड्याची पाठ

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी घुग्घुसच्या माझ्या यार्डात एका जुन्या ट्रकचा सौदा करत होतो. छातीत दुखतं म्हणून त्याला नागपूरला नेत होते, वरोऱ्याच्या पुढेच सगळं संपलं... फोन खिशात टाकला आणि आधी सौदा पुरा केला. गिऱ्हाईक दोनदा उठून गेलं, दोनदा परत आलं. मग केबिनचं दार ओढून घेतलं. सहा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याच्या मय्यतीला जायचं की नाही, हे ठरत नव्हतं. शेवटी गेलो आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो.

रफिकचं कॉम्प्युटर सेंटर बसस्टँडजवळ होतं. चार मशीन, पाळी सुटलेली खाणीतली पोरं अर्ज टाइप करून घ्यायला यायची. कोळशाची धूळ मशीनमध्ये शिरायची, म्हणून दर रविवारी तो चारही डबे पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेच्या पाइपनं साफ करून आणायचा. मी पोंभुर्ण्याहून रिकाम्या हातानं आलेला, जुन्या मोटरसायकली विकत विकत ट्रकवर पोचलेला माणूस. मला कॉम्प्युटरचं काय कौतुक? पण त्यानं नागपूरहून रणगाड्यांच्या गेमची सीडी आणली आणि आमच्या दुपारी तिथं जायला लागल्या. सुरुवातीला दोघांना सारखे पॉइंट, त्यात आपापले रणगाडे घ्यायचे, मग एकाच मशीनवर आळीपाळीनं चाल करायची.

मी कायम जर्मनी घ्यायचो, रफिक रशिया. त्यांच्या जड रणगाड्याचं समोरचं पोलाद इतकं जाड की रशियाचे गोळे त्यावर आपटून उडायचे, आणि तोफ अशी लांब पल्ल्याची की समोरचा टप्प्यात येण्याआधीच पेटायचा. मला असाच माल आवडतो, नुसता समोर उभा केला की बोलणं बंद. त्याचे दोष मला रफिकनं शिकवले, हरवून हरवून. महाग, म्हणून दोनच यायचे. वजनानं ओढ्यात रुतायचा, ऐन वेळी इंजिन बंद पडायचं, तोफेचा घुमट फिरता फिरत नसे. आणि पाठीचा पत्रा पातळ, त्याच्या आतच इंजिन. रफिक तेवढ्याच पॉइंटांत हलके रशियन रणगाडे जास्त घ्यायचा, तीन माझ्यासमोर मरायला ठेवायचा आणि एक नाल्यानाल्यानं माझ्या मागे आणायचा. "समोरून हत्ती आहे बे तुहा टँक," म्हणायचा, "पन मांगून पापड." मी माउस आपटायचो. पुढे पुढे माझी चाल आली की तो आपला माउस काढून माझ्यासाठी ठेवलेला एक जुना लावायला लागला.

बिघडलं ते एका टिप्परवरून. मागच्या बाजूला चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, तडा होता. मी वेल्डिंग करून वरून काळा रंग मारला होता. पोंभुर्ण्याकडचा एक माणूस बघायला आला. गाडी स्वतःच चालवणार होता, जंगलातल्या रस्त्यांनी मुरूम वाहायला. मी टिप्पर त्याच्याकडे तोंड करून उभा केला होता. नवा रंग, धुतलेली काच, भावही जवळपास जुळला होता. माझ्यासोबत आलेला रफिक मागे गेला, वाकला, पान्यानं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि तिथूनच म्हणाला, "भाऊ, इकडं या. चेसिस फाटेल आहे. भरली गाडी उतारावर नेसान तं जीव जाईन."

माणूस निघून गेला. मी रफिकला सगळ्या यार्डासमोर नाही नाही ते बोललो. तो पाना खाली ठेवून चालता झाला. टिप्पर मी नंतर सिरोंच्याकडच्या एकाला विकला. पुढे काय झालं ते विचारलं नाही. पण भेटेल त्याला सांगत राहिलो, की दोस्त होता तर मला एकट्याला सांगायचं होतं.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्याच्या घरी गेलो. शमीम भाभी, त्याची बायको, सगळ्यांना वाढत होती. दुःखाच्या घरात बोलायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. "मले एकट्याले सांगाचं होतं, भाभी."

तिनं वाढणं थांबवलं नाही. "सांगतलं होतं, भाऊ. त्याच दुपारी. मी सेंटरवर चहा आनला तवा ते तुमाले म्हनत होते, चेसिसचं सांगूनच वीक. तुमी म्हटलं, पयले डाव संपू दे."

म्हटलं होतं मी... तड्याचं त्याला मीच खेळता खेळता सांगितलं होतं. डाव अर्धा असतानाच गिऱ्हाईक आल्याचा निरोप आला आणि आम्ही दोघंही उठून यार्डात गेलो होतो. "मंग डाव संपेपर्यंत थांबाचं होतं," मी म्हणालो. हरायला लागलो की माझा आवाज चढतो.

"थांबले ना," भाभी म्हणाली. "सहा वर्सं थांबले. तो डाव अजून तसाच आहे मशीनमधी. कोनाले हात नाई लावू देल्ला."

दोन दिवसांनी सेंटरवर गेलो. कोपऱ्यातलं जुनं मशीन सुरू करून भाभीनं तो साठवलेला डाव लावून दिला. माझा उरलेला एकच जर्मन रणगाडा नदीकडे तोंड करून उभा, तोफ पुलावर रोखलेली. पुलावर रफिकचे तीन रणगाडे जळालेले. आणि माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, झाडीत त्याचा चौथा. त्या दुपारी मी तो पाहिलाच नव्हता. शेवटची चालही पुलाकडे बघूनच केली होती. त्यानं एक बटण दाबलं असतं तर डाव संपला असता. सहा वर्षं मशीन त्याच्या हातापाशी होतं.

खेळता का, असं भाभीनं विचारलं. नाही म्हणालो. इथं मारलं असतंस, रफिक, तर मी माउस आपटला असता आणि दुसऱ्या दिवशी परत आलो असतो. तू मारलंस ते चारचौघांत, आणि ते मी अजून माफ केलेलं नाही. बाकीची तीन मशीन विकायची असतील तर गिऱ्हाईक बघून देतो, पण हे राहू द्या, एवढंच भाभीला सांगितलं. कीबोर्डशेजारी दोन माउस होते. त्यातला जुना मी हातात घेतला, तारेवरची धूळ पुसली आणि होता तिथं ठेवला. पडद्यावर खाली लिहून आलं होतं, आता चाल रशियाची.