काढू हात?

शाळेच्या पोरांचा धिंगाणा संपला, की सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ सुरू होते. उथळ बाजूचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून पाच-सहा जणी उभ्या असतात. बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या. कुणाला डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाठवलेलं, कुणाला सुनेने. त्यांना शिकवणाऱ्या बाईंना तलावावर सगळे 'हातवाली' म्हणतात. हे नाव पंप चालवणाऱ्याने ठेवलं. "पोहायला कुठे शिकवते? नुसता हात लावून उभी असते," असं तो म्हणाला होता, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

पाठीवर तरंगायला शिकवताना पाठीखाली हात धरावा लागतो. "धरलंय, धरलंय" म्हणत तो गुपचूप काढून घ्यायचा आणि मग सांगायचं, बघ, मी केव्हाच सोडलं होतं! बहुतेक सगळे असंच शिकवतात. हातवाली विचारते, "काढू हात?" समोरची "नको" म्हणाली, तर हात तिथेच राहतो. "काढा" म्हणाली, तर "काढते हं" असं सांगून निघतो. यात वेळ फार जातो. औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. त्यांना सगळ्या गोळीकाकू म्हणतात. त्या गेल्या हिवाळ्यापासून येतात आणि अजून "नको"च म्हणतात.

हातवालीचं लग्न झालं होतं. त्याबद्दल ती "जमलं नाही" यापलीकडे बोलत नाही. आई होती तोवर घरात दोन ताटं लागायची. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी असते. खिडकीत वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख आणि केसांना न सुटणारा क्लोरीनचा वास, हीच काय ती सोबत. शनिवारी दुपारी तलाव बंद झाला, की बोलणंही बंद होतं. सोमवारी पहिला शब्द काढायचा म्हणजे आधी घसा खाकरावा लागतो.

तिला स्वतःला पोहायला शिकवलं तिच्या दादाने, नदीच्या संथ पाण्यात. "मी आहे ना, चिमे!" असं तो म्हणत होता. बरंच अंतर गेल्यावर तिने मागे पाहिलं, तर तो काठावर बसून पायातला काटा काढत होता. पोहणं आलं ते त्याच दिवशी, हे ती नाकारत नाही. पण कुणी "मी आहे ना" म्हटलं, की ती अजून मागे वळून पाहते. आईच्या शेवटच्या आजारातही दादा हेच म्हणाला होता. फोनवरून. माणूस वाईट नाही. काठावर बसायची सवय आहे, इतकंच.

तोच दादा एका रविवारी जिने चढून धापा टाकत आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या घराशेजारी नवा क्लब निघाला होता आणि त्यांना बायकांसाठी शिक्षिका हवी होती.

"तिप्पट पगार, चिमे! आणि पाणी गरम. आमच्याकडची कोपऱ्यातली खोली रिकामी केलीय. तुझ्या वहिनीने पडदेसुद्धा लावलेत."

"कुठल्या रंगाचे?"

"मला काय माहीत! पडद्यासारखे पडदे. किती दिवस अशी भिंतींशी बोलत बसणार आहेस?"

"भिंती निदान मध्येच तोडत तरी नाहीत."

थट्टा केली खरी, पण तो गेल्यावर तिने बॅग भरून पाहिली. एका बॅगेत जवळजवळ सगळं मावलं.

क्लबात तिला आधी एक तास शिकवून दाखवायचं होतं. व्यवस्थापक तरुण आणि नम्र होता. "आमची हमी असते," त्याने समजावलं. "दहा दिवसांत पोहणं, नाहीतर पैसे परत. म्हणजे चौथ्या दिवशी हात निघालाच पाहिजे. न सांगता." शिकणारी होती बँकेतली एक अधिकारी, आणि तिचा तो चौथाच दिवस होता. हातवालीने तिला आडवं केलं, मान सैल सोडायला लावली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता हात काढून घेतला.

बाई तरंगत होती. छान तरंगत होती. काठावरून व्यवस्थापकाने शाबासकीचा अंगठा वर केला.

तेवढ्यात बाईने विचारलं, "हात आहे ना?"

एक "हो" म्हटलं असतं तर काम झालं होतं.

"नाही," हातवाली म्हणाली. "आत्ताच काढला."

बाई घडीच्या खुर्चीसारखी मिटली. नाकातोंडात पाणी गेलं. वर येताच तिने हातवालीच्या गळ्याला अशी मिठी मारली, की मानेवर नखं उमटली.

व्यवस्थापक रागावला नाही. त्याने टॉवेल दिला. "'हो' म्हणायला काय हरकत होती?"

"त्या विचारत होत्या."

"म्हणूनच तर 'हो' म्हणायचं!" तो हसला. "होईल सवय. बाकी हात तुमचा उत्तम आहे. पहिल्या तारखेपासून या."

तिथून ती दादाकडे गेली. पडदे फिकट पिवळे होते. पलंगावर नवी चादर घातलेली. ती तिथे बसून राहिली. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती आणि चष्मा कुणी कुठे ठेवला यावरून दादा-वहिनींची जुंपली होती. तो आवाज तिने बराच वेळ ऐकला.

दादा आत आला. "मग? ठरलं ना?"

"नाही जमणार, दादा."

सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अगं, एका शब्दासाठी? लक्ष्मी दारात आली आणि तू कडी लावून बसलीस! मी नव्हतं म्हटलं तुला नदीत, मी आहे ना म्हणून? बुडलीस का?"

"नाही."

"मग?"

"तू काठावर काटा काढत होतास."

"कसला काटा?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. नोकरीवर पाणी सोडणं तिला फार जड गेलं नव्हतं. जड जात होती ती खोली. नोकरी गेली खड्ड्यात, खोली तर तुझीच आहे, असं तो म्हणेल म्हणून ती चपला घालताना जरा रेंगाळली. तिथून जुना तलाव बसने लांब पडला असता, पण तिने तेही केलं असतं.

"बघ बुवा," दादा म्हणाला. "तुझं तू."

घरी येऊन तिने बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

सोमवारी तलावावर पंपवाल्याने हटकलं. "काय हातवाली, गरम पाणी सोसलं नाही वाटतं?"

तिने घसा खाकरला. "केस गळतात त्याने."

गोळीकाकू कठडा धरून वाट पाहत होत्या. हातवालीने त्यांना पाठीवर आडवं केलं, पाठीखाली तळवा ठेवला. पाणी नेहमीसारखं गार होतं. काकूंचे डोळे गच्च मिटलेले, कान पाण्यात. ती जरा मोठ्याने म्हणाली, "काढू हात?"

"नको."

"बरं," ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.