समरकंदाच्या तटाखाली

फौजेतून रिसालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी अबू धाबीला रुजू झालो. आमची रेजिमेंट घोड्यांची. आता घोडे उरलेत कुठे, त्यामुळे फौजेबाहेर माझ्या कामाला गिऱ्हाईक कमी. अल ऐनच्या रस्त्याला एका खासगी रायडिंग क्लबात तबेल्याचा इन्चार्ज हवा होता. ती जागा मला मिळाली. मी तिच्याकडे पोस्टिंग म्हणूनच पाहिलं. सकाळी खरारा, पाणी, दाणा. संध्याकाळी मेंबर लोकांच्या मुलांना धडे. "टाच खाली" असं मी हिंदीत सांगायचो, मुलं "आय अ‍ॅम ट्रायिंग" म्हणायची.

दोन हजार आठचा हिवाळा आला आणि मेंबर यायचे थांबले. आधी वाटलं, सुट्टीवर गेले असतील. मग कळलं की कामं गेली आणि लोक देश सोडून गेले. एअरपोर्टवर गाड्या सोडून गेले असं सगळे म्हणायचे. गाड्यांचं मला माहीत नाही. घोडे सोडून गेले, ते मी पाहिलं. एकेका घोड्याच्या दारावर मालकाच्या मुलीने रंगवलेली पाटी होती. मी पाट्या तशाच ठेवल्या आणि दाणा चालू ठेवला.

पुढच्या थंडीत क्लबच्या मालकाने घोडे आणि मी, दोन्ही एका टीव्ही कंपनीला भाड्याने दिले. कंपनी मंगोलांच्या मोहिमांवर मालिका करत होती. वाळवंटात त्यांनी समरकंद उभं केलं होतं. प्लायवूड आणि फोमचा तट, लांबून अगदी मातीचा दिसायचा. माझं काम एवढंच होतं की माणसं घ्यायची आणि त्यांचे स्वार करायचे.

डायरेक्टर इंग्रज होता, अभ्यासू होता. पहिल्या ब्रीफिंगला त्याने वाळूत काठीने नकाशा काढला. सैनिक म्हणून सांगतो, त्या सैन्याची बांधणी अव्वल होती. दहा-दहा स्वारांच्या तुकड्या. दहातला एक पळाला तर दहाही जणांना मृत्युदंड. पळून जात असल्याचं सोंग करायचं, शत्रू मागे लागून विस्कळीत झाला की उलटून त्याला घेरायचं. हे आम्हाला फौजेतही शिकवलं होतं. एक गोष्ट मात्र मला नवीन होती. जिंकलेल्या शहरातली माणसं ते पुढच्या शहरावर आपल्या पुढे घालून हाकत नेत. बुखाऱ्याची माणसं समरकंदाच्या तटाखाली. वरून येणारा बाण आधी त्यांना लागायचा. तटावरच्याला खाली बघितलं तर शेजारच्या गावचा माणूस दिसायचा.

"हाच आपला मोठा सीन," डायरेक्टर म्हणाला.

माणसं निवडायला आम्ही मुसफ्फाच्या मजूर कॅम्पांत गेलो. साइट्स बंद होत्या आणि कॅम्पात माणसं बसून होती. गेटबाहेर लांब रांग लागली. आमच्याबरोबर प्रॉडक्शनच्या अनघा देशमुख होत्या. मूळच्या पुण्याच्या, दुबईत अल कुसैसला राहायच्या. मिस्टरांची नोकरी नुकतीच गेली होती, त्यामुळे मुलीला शाळेतून आणायला आता ते जात. डायरेक्टर रांगेतून चेहरे बघत चालला. गाल वर, डोळे बारीक, असा दिसला की बोट दाखवायचा. "यू. मंगोल." उरलेल्यांकडे बघून म्हणायचा, "प्रिझनर्स."

नवरोज अली असाच निवडला गेला. वेल्डर होता, अफगाणिस्तानातल्या बामियानचा, हजारा जमातीचा. वय चाळिशीच्या आसपास. बोट त्याच्याकडे गेलं तसा मागचा एक जण हसून म्हणाला, "सही पकड़ा साहब, ये तो चंगेज की औलाद है." नवरोजने मागे वळून पाहिलं नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"घोड़े पे बैठे हो कभी?" मी विचारलं.

"गधे पे, साहब."

"चलेगा."

कैद्यांत एक गोपाळ तांबे होते. राजापूरकडचे, शटरिंगचे सुतार. समरकंदाचा तट त्यांच्याच गँगने उभारला होता. तट झाला, काम संपलं, तर त्यांना कैद्यांत घेतलं. "साहेब, भिंत आम्हीच घातली न् आता आम्हालाच तिच्यावर ढकलायचे," असं ते एकदा म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

मी माणसांना रोज पहाटे फॉल-इन करायचो. आधी खरारा, मग खोगीर, मग बसणं. दहा-दहाचे सेक्शन केले. पहिल्या आठवड्यात सगळे पडले. नवरोजही पडला. पण पडताना लगाम सोडायचा नाही हे त्याला एकदाच सांगावं लागलं. त्याचा हात हलका होता. वेल्डिंगने होत असावा. महिनाभरात तो चौखूर उधळलेला घोडा बोलून दुडकीवर आणायला लागला. मी त्याला सेक्शन कमांडर केलं. त्याच्या देशाचे दोन जण त्याच सेक्शनमध्ये होते, त्यांतला एक तोच, रांगेत हसलेला. नवरोजने त्याला खोगीर कसायला शिकवलं.

दुपारी उन्हात शूटिंग थांबायचं. तबेल्याच्या सावलीत आम्ही डबे उघडायचो. तांबे घरून आलेलं कुळथाचं पीठ जपून ठेवायचे, त्याची पिठी करून आणायचे. नवरोजला ती आवडायची. अशाच एका दुपारी तांब्यांनी त्याला सरळच विचारलं, "भाई, आप सच में चंगेजखान के खानदान का है क्या?"

नवरोज जेवत राहिला. मग म्हणाला, "हमारे गाँव के ऊपर एक पहाड़ी है. पुराना शहर था. चंगेज का पोता वहाँ तीर से मरा. तो उसने हुकुम दिया, कुछ भी जिंदा नहीं रहे. आदमी, बकरी, कुत्ता, कुछ नहीं. आज भी लोग उसको चीखों का शहर बोलते हैं. बचपन में हम उधर बकरी चराते थे."

"मग तुम्ही कुठून आलात?" तांबे मराठीतच बोलून गेले. मी हिंदीत सांगितलं.

"वही तो," नवरोज म्हणाला. "सब मर गए तो हम कौन हैं? लोग बोलते हैं हम मारने वालों के हैं. शकल देखो, ठीक है. लेकिन मारने वाले भी तो उधर ही रह गए, उधर की औरतों के साथ. अपनी मर्जी से तो नहीं आई होंगी." त्याने वाटी पुसून घेतली. "मेरी दादी बोलती थी, आधा रोने वाला, आधा रुलाने वाला. इसी नाम पे हमारे लोग आज भी मारे जाते हैं. आठ सौ साल हो गए, साहब. खलास नहीं हुआ."

ऊन उतरल्यावर सेक्शन पुन्हा फॉल-इन झाले.

मोठ्या सीनच्या दिवशी मी सकाळी रेकी केली. कैद्यांची रांग तटाकडे धावणार, मागून स्वार. तटाजवळ आणि स्वारांच्या वाटेच्या कडेला स्फोटाचे डबे पुरलेले. माणसं आणि घोडे यांच्यात मी जेवढं अंतर मागितलं होतं, त्याच्या निम्म्यावर झेंडे लावलेले होते.

मी देशमुखबाईंना रिपोर्ट केला. "मॅडम, हे अंतर चालणार नाही. घोडा एवढ्यात थांबत नाही."

"माने सर, आय नो. मी बोलले त्याला. तो म्हणतो फ्रेममध्ये दोन्ही टाइट हवेत. मी पुन्हा बोलते."

त्या गेल्या आणि बोलल्या. डायरेक्टरने झेंडे थोडे मागे घेतले. मी म्हटलं, अजून. तो म्हणाला, बस. मी सेक्शन कमांडरांना जमवलं आणि सांगितलं, दुडकीच्या वर कोणी जायचं नाही, डायरेक्टर ओरडला तरी. नवरोज म्हणाला, "जी साहब."

सिग्नल झाला. कैदी धावले. कंबरेला दोर होते, खोटे, ओढले की सुटणारे. माझे स्वार दुडकीवर निघाले. रांग सरळ होती. मी टेकाडावर वॉकीटॉकी घेऊन उभा होतो.

डबा वेळेआधी उडाला. का, ते पुढे चौकशीत निघालं, वायरिंगचा दोष. तो तटाजवळचा नव्हता, स्वारांच्या कडेचा होता. घोडे उधळले.

"होल्ड, होल्ड. सगळे थांबवा. ओव्हर."

"रिपीट? कॅमेरा अजून रोलिंग आहे," देशमुखबाईंचा आवाज आला.

"कट करा. माणसं मध्ये आहेत."

कैदी दोन्ही बाजूंना फुटले. तांबे फुटले नाहीत. त्यांचा दोर पायात आला आणि ते पालथे पडले. त्यांच्या सरळ रेषेत नवरोजचा घोडा होता आणि मागे आख्खा सेक्शन. उधळलेला घोडा वळत नाही. त्याला पाडावा लागतो. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं, कारण नवख्याला ते शिकवत नाहीत. नवरोजने एका बाजूचा लगाम मुठीत गुंडाळून मांडीपर्यंत ओढला. घोड्याची मान वळली, खांदा खाली गेला आणि दोघंही तांब्यांच्या अलीकडे आडवे झाले. मागच्या घोड्यांना समोर भिंतीसारखं काहीतरी दिसलं. ते फुटले. सगळे नाही. एक-दोन नवरोजवरून गेले.

"बेस, मॅन डाउन. अ‍ॅम्ब्युलन्स. ओव्हर."

मी पोचलो तेव्हा लगाम त्याच्या हातात होता. घोडा उठून उभा होता. तांबे गुडघ्यावर बसून "अरे भाई, अरे भाई" एवढंच म्हणत होते. रांगेत हसलेला तो माणूस घोड्यावरून उतरून नवरोजचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी नाडी पाहिली. फौजेत पाहिली होती तशीच पाहिली. अ‍ॅम्ब्युलन्स आल्यावर सोबत गेलो. हॉस्पिटलला पोचण्याआधी तो गेला.

पोलिसांना स्टेटमेंट दिलं. परत येऊन घोड्यांना पाणी दाखवलं, पाय तपासले. देशमुखबाई तबेल्याच्या दारात उभ्या होत्या. रडत होत्या.

"सर, तुम्ही बसा ना जरा."

"दाणा व्हायचा आहे, मॅडम," मी म्हटलं.

मला काही वाटत नव्हतं. नंतर वाटेल असं वाटलं होतं. सीमेवर माणसं गेली तेव्हा आठ-दहा दिवसांनी एकदम भरून यायचं. या वेळी आलं नाही. थोड्या दिवसांनी शूटिंग पुन्हा सुरू झालं, आणि मी फॉल-इन घेतला. तांबे तेवढे आले नाहीत. त्यांनी तिकीट काढलं आणि राजापूरला गेले. आज त्यांचं तिकडे फर्निचरचं दुकान आहे. भाताच्या दिवसांत फोन करतात. दोघंही शेतीचं बोलतो.

नवरोजची बॉडी काबूलला गेली, तिथून रस्त्याने बामियानला. त्याच्या भावाचा फोन आला तो मी घेतला, कारण कंपनीतल्या हिंदी बोलणाऱ्यांत शेवटी त्याच्याजवळ असलेला मीच होतो.

भावाने आधी सलाम केला. मग विचारलं, "साहब, किसने मारा?"

त्यांच्याकडे हाच पहिला प्रश्न असतो, हे मला तेव्हा कळलं.

"किसी ने नहीं मारा," मी म्हणालो. "हादसा था."

"किसी ने नहीं?"

"नहीं. एक आदमी गिरा था. उसको बचाते हुए गया."

"वो आदमी हमारा था?"

"नहीं. हमारी तरफ का था. मराठी."

पलीकडे मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "जिंदा है?"

"जिंदा है."

"अच्छा," भाऊ म्हणाला. त्याने ते मागे वळून आपल्या भाषेत कोणाला तरी सांगितलं. तो आवाज थांबला.