भोपसा कोणी चिंगला?

मुलं पाठीमागे त्यांना कारलेबाई म्हणत, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. घरी नवराही फार वेगळं म्हणत नसे. "तुला किळस येत नाही अशी एक तरी वस्तू दाखव," तो चिडवायचा. बाई विचार करून सांगत, "धुतलेला पेला. तोही मी धुतलेला असेल तर."

शिक्षकांच्या खोलीतल्या बेसिनमध्ये तुंबलेला चहाचा चोथा, ओलं डस्टर, बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम, सगळ्यानेच त्यांच्या पोटात ढवळायचं. पण या सगळ्यावर कडी करायचे ते मुख्याध्यापक. उत्तरपत्रिका चाळताना ते दर पानाला बोट जिभेला लावत. गठ्ठा परत आला की बाई तो रुमालाने धरायच्या.

यंदा त्याहून ओंगळ काम वाट्याला आलं. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गावर कृतिसंशोधन करायचं: आधी चाचणी, मग काही उपाय, मग पुन्हा चाचणी, आणि गुण किती वाढले त्याचा आलेख. बाईंचा विषय होता मुलांना वाचलेलं किती समजतं. इतरांची रीत ठरलेली होती. पहिली चाचणी मुलं भुकेने कासावीस झाल्यावर घ्यायची आणि दुसरी तोच उतारा घोकून घेतल्यावर.

"आलेख आपसूक चढतो," गणिताचे सर म्हणाले. "कशाला डोक्याला ताप करून घेता?"

बाईंनी त्यांच्याकडे बेसिनकडे बघावं तसं बघितलं आणि चाचणी सरळ घेतली. वर्गाला भरघोस गुण पडले. तळाला राहिली एकटी शिपाईकाकांची नात. तळाच्या मुलांना सत्र संपलं की तळमजल्यावर, कोठीशेजारच्या वर्गात धाडत. तिथे गेलेलं मूल पुन्हा वर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

बाईंनी तिचा पेपर पुन्हा काढला. म्हातारा दारात का बसला, या प्रश्नाला सगळ्या वर्गाने उताऱ्यातलं वाक्य उचललं होतं, 'हवा खाण्यासाठी.' नातीने लिहिलं होतं, 'घरात कोणी बोलायला नव्हतं म्हणून.' उताऱ्यात म्हातारा एकटाच राहत होता. बाईंना संशय आला, आणि त्यांनी मुद्दाम एक भलताच उतारा रचला.

'टिंबळ्याने गुरकट्यात भोपसा चिंगला. भोपसा फार लुसका निघाला, म्हणून टिंबळा झोरपला.'

भोपसा कोणी चिंगला? कुठे चिंगला? टिंबळा का झोरपला?

वर्गाने माना खाली घातल्या आणि पटापट उत्तरं लिहिली. सगळ्यांना पैकीच्या पैकी. नातीचा कागद कोरा. ती टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, यातलं मला काहीच कळलं नाही."

इतकी वर्षं आपण हेच शिकवत आलो, या विचाराने बाईंना स्वतःचीच शिसारी आली. तो उतारा घेऊन त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, एवढा सोडवून द्या."

सरांनी बोट ओलं केलं, कागद ओढला आणि चुटकीसरशी तिन्ही उत्तरं लिहिली. "सोपा आहे. हाच ठेवा शेवटच्या चाचणीला."

"भोपसा म्हणजे काय, सर?"

सरांनी पुन्हा वाचलं. "ते प्रश्नात कुठे विचारलंय?"

"नाही विचारलं. ते त्या मुलीने मनात विचारलं, म्हणून तिचा कागद कोरा आहे. तिला खाली पाठवू नका."

"बाई, एका पोरीपायी सगळा आलेख बिघडतोय. नियम तो नियम." त्यांनी खाली पाठवायच्या मुलांच्या यादीवर सही केली. ओल्या बोटाची खूण नेमकी तिच्या नावावर उमटली.

बाई त्या खुणेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग खालचा वर्ग मला द्या."

खालचा वर्ग कोणी मागून घेत नसे. सरांनी आनंदाने दिला.

कोठीतून उंदरांच्या लेंड्यांचा वास यायचा, भिंतीला ओल होती, आणि पहिल्या दिवशी बाई तोंडाला पदर लावूनच आत शिरल्या. नात पहिल्या बाकावर बसली होती. बाईंनी सगळ्यांना तोच उतारा वाटला. दोघातिघांनी उत्तरं उतरवली. बाकीचे आधी कागदाकडे, मग एकमेकांकडे बघायला लागले.

"बाई, हे काय आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"भोपसा चावतो का?" दुसऱ्याने विचारलं.

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. कोरे कागद गोळा केले आणि एकेकावर लाल पेनने पैकीच्या पैकी गुण लिहीत गेल्या. आणि वरच्या मजल्यावर आपल्या जुन्या वर्गाचा आलेख आता सुरेख चढत असेल, हे आठवून त्यांना पुन्हा मळमळलं.